विहिरीचा लेख

‘कृपया वैयक्तिक टीका टाळावी. दोन्ही बाजूंनी शांतता राखावी व आपापल्या दाव्यांसाठी विश्वासार्ह संदर्भ द्यावेत. तोपर्यंत पान सुरक्षित करण्यात येत आहे.’

हा मजकूर मी सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. चुकून, अर्थातच. तिथे त्या वेळी भाचीच्या, म्हणजे मेहुण्याच्या मुलीच्या, लग्नाच्या जेवणात वालाची भाजी ठेवायची की पनीर, यावरून माझा मेहुणा आणि त्याची बायको यांची जुंपली होती. माझं निवेदन त्या प्रसंगाला असं काही चपखल बसलं की बराच वेळ कोणाला ती चूक वाटलीच नाही. मेहुण्याच्या बायकोने हात जोडल्याचं चित्र टाकलं. धाकट्या मेहुणीने विचारलं, “भावोजी, पनीरला संदर्भ कुठून आणू?” सगळे हसले, मीही हसलो. मजकुराच्या खाली लेखाची लिंक होती. ती पुसायला हवी होती हे माझ्या लक्षात आलं तोवर मेहुण्याने ती उघडून वाचलीही होती.

मी आंतरजालावरच्या एका मुक्त ज्ञानकोशात लिहितो. मुक्त म्हणजे कोणीही यावं, काहीही लिहावं, आणि दुसऱ्या कोणी येऊन ते खोडावं. पोटापाण्यासाठी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो, तिथे नट-बोल्ट एकदा मोजून खणात ठेवले की सकाळी तिथेच सापडतात. ज्ञानकोशात तसं नाही. तिथे मी प्रचालक आहे. या शब्दाने नातेवाइकांवर छाप पडते, पण काम म्हणजे भांडणं सोडवायची. त्यात माझ्या वाट्याला धर्माची भांडणं फार. देवाच्या नावाआधी ‘श्री’ लिहायचं की नाही, एखाद्या जागेला समाधी म्हणायचं की दर्गा, ‘संत’ लिहायचं की ‘सेंट’. एकाच आठवड्यात मला निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या धर्मांचा हस्तक ठरवलेलं आहे. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “घरचे कुळाचार आठवत नाहीत तुम्हाला, तुम्ही कसले हस्तक?”

तर, विहीर. माझी सासुरवाडी उमेळ्याजवळ, गावाचं नाव सांगत नाही. वाड्या कमी होत होत आता सगळीकडे इमारती आल्या आहेत, पण सासऱ्यांची केळीची वाडी अजून थोडी शिल्लक आहे. वाडीच्या कडेला विहीर आणि विहिरीपलीकडे मावशीचं घर. मावशी म्हणजे शेजारच्या कॅथलिक घरातली म्हातारी. आमच्या हिच्या आईची मैत्रीण, म्हणून सगळ्या गल्लीची मावशी. विहिरीच्या कठड्यात समोरासमोर दोन कोनाडे आहेत. एकात शेंदूर लावलेला दगड, दुसऱ्यात दगडी क्रूस. संध्याकाळी इकडे दिवा, तिकडे मेणबत्ती. वारा आला की दोन्ही विझतात.

इकडे हळदीच्या सकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. कॅथलिकांत आणतात, आमच्या सासरच्यांतही आणतात. पण या विहिरीवरची रीत अशी की पहिला हंडा पलीकडच्या घरातल्या मोठ्या बाईने काढायचा. हिंदू घरचं लग्न असेल तर मावशीने, मावशीकडचं असेल तर माझ्या सासूबाईंनी, त्या होत्या तोवर. त्यासाठी लग्नघरातल्या कोणीतरी तिच्या दारात नारळ घेऊन जायचं आणि ‘चला, पाणी काढायला’ म्हणायचं. बोलावल्याशिवाय ती येत नाही, आणि बोलावल्यावर नाही म्हणत नाही. आमच्या हिच्या हळदीचा पहिला हंडा मावशीने काढला होता. मी घाटावरचा, मला हे सगळं लग्नानंतर कळलं आणि फार आवडलं. आवडलेल्या गोष्टीचं मी काय करतो? लेख करतो.

लेख लहानसा होता. विहीर कुठे आहे, दगड, क्रूस, आणि शेवटचं वाक्य या पहिल्या हंड्याचं. काही वर्षं त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. मग कोणी अनोळखी माणसाने लिहिलं की विहीर मुळात एका देवळाची, क्रूस नंतर बसवला. दुसऱ्या अनोळखी माणसाने ते खोडून लिहिलं की विहीर चर्चने खोदली, दगड नंतर आणून ठेवला. पहिल्याने उलटवलं, दुसऱ्याने परत उलटवलं. हे लोक कुठे राहतात देव जाणे, त्यांनी ती विहीर पाहिली असेल असंही मला वाटत नाही. त्यांना समज देण्यासाठी मी ते शांततेचं आवाहन लिहिलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

दोन दिवसांनी लेखाच्या चर्चा पानावर दोन नवी माणसं आली. एकाने लिहिलं, ‘माझ्या आजोबांनी मला स्वतः सांगितले आहे.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘आमच्या घराण्याची विहीर आहे, बाहेरच्यांनी ज्ञान पाजू नये.’ पहिल्याच्या ‘स्वतः’वरून मी ओळखलं, हा माझा मेहुणा. तो मीठ जास्त झालं तरी ‘मी स्वतः सांगतोय’ म्हणतो. दुसरा मावशीचा मुलगा, लिंक ग्रुपवरून कठड्यापलीकडेही गेली होती. त्याचं वसईत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि माझी स्कूटर त्याच्याच कृपेने चालते. लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकलेले हे दोघे, कठड्याच्या अलीकडे-पलीकडे राहणारे, आता माझ्या देखरेखीखाली एकमेकांना ‘सदर सदस्य’ म्हणत होते.

मी हितसंबंध जाहीर केला. नियमच आहे. लिहिलं की एका बाजूला माझं सासर आहे आणि दुसऱ्या बाजूला माझ्या स्कूटरचे ब्रेक. एका दूरच्या प्रचालकाने उत्तर दिलं की विनोद टाळावेत.

मग दोघांना संदर्भ मागितले. मेहुण्याने एका देवस्थानाची स्मरणिका आणली. मावशीच्या मुलाने चर्चच्या वर्धापनदिनाची स्मरणिका आणली. दोन्ही छापील, दोन्हींत जाहिराती जास्त, आणि दोन्हींत विहिरीबद्दल एकेक वाक्य, ‘असे सांगतात’ने सुरू होणारं. पण छापील म्हणजे संदर्भ. प्रश्न आला माझ्या वाक्याचा. पहिल्या हंड्याचं कुठेच छापलेलं नव्हतं. दूरच्या प्रचालकाने त्याच्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी लावली.

म्हणून एका रविवारी मावशीकडे गेलो. ती ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातले, तिने आधीच सांगून टाकलं, म्हणजे मी भाव करायला आलो असेन तर उगाच बोलू नये.

“मावशी, ते लग्नाच्या पाण्याचं कुठे लिहिलेलं आहे का? एखाद्या पुस्तकात, चर्चच्या कागदात?”

“पान्याचा?” ती म्हणाली. “पानी काडायचा, ता लिवायचा कशाला?”

“लोक पुरावा मागतात.”

“मी काडलाय ना. तुज्या बायकोच्या अंगावर गेला ता पानी. तिला इचार.”

मी तिला समजावलं की तोंडी माहिती चालत नाही. तिने बोंबलाचं डोकं मोडलं आणि मान हलवली, जसं काही हे तिला पटलंच आहे.

“आमचा पोरगा सांगतंय क्रूस पयला. तुजा मेवना सांगतंय दगड पयला. मी लगीन होऊन आले तवा दोनी व्हते.” मग खाली बघतच तिने विचारलं, “पोरीच्या पान्याला मला बोलवतीन ना रे?”

“म्हणजे काय मावशी! तुमच्याशिवाय कसं होईल?”

हे मी म्हणालो. असल्या बाबतीत शब्द द्यायचा अधिकार मला कोणी दिला होता?

लेखाचा निकाल मी लावला. फार विचार करून, फार तटस्थपणे. ‘दगड व क्रूस यांपैकी आधीचे कोणते याविषयी मतभेद आहेत. विहिरीची मूळ मालकी विवादास्पद आहे.’ दोन्ही स्मरणिका तळटीपांत. शेवटचं वाक्य मी माझ्या हाताने काढलं आणि कारण नोंदवलं, ‘संदर्भ उपलब्ध नाही’. पान सुरक्षित केलं, म्हणजे इतरांना बदलता येऊ नये असं कुलूप लावलं. दोन्ही पक्षांपैकी एकानेही आभार मानले नाहीत, त्यावरून मला वाटलं की समतोल साधला. त्या दिवशी मी जेवताना दोन वेळा भात घेतला.

हळदीच्या सकाळी सासुरवाडीला पोचलो तर मांडवात बायका हंडे घेऊन तयार, बँडवाले चहा पिऊन तयार, आणि कोणी हलायला तयार नाही. मी मेहुण्याला बाजूला घेतलं.

“मावशीकडे नारळ गेला ना?”

“नाही गेला. जाणार पण नाही,” तो म्हणाला. “विहीर विवादास्पद आहे ना? तुम्हीच लिहिलंय, भावोजी.”

“अरे, ते मालकीचं. पाण्याचं नाही.”

“तेच तर. आज मी तिच्या दारात नारळ घेऊन उभा राहिलो की उद्या तिचा पोरगा म्हणेल, बघा, विचारायला आले, म्हणजे विहीर आमची. तुमच्या त्या पानावर टाकायला पण कमी करायचा नाही.”

“त्याला कुठे संदर्भ आहे?” मी सवयीने बोलून गेलो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पलीकडे निघालो.

मावशीचा मुलगा दारातच उभा होता. आत मावशी. तिने ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं होतं, केसांत फूल होतं, आणि पायाशी घासून लखलखीत केलेला तांब्याचा हंडा.

“जावई, मम्मी पहाटेपासून तयार आहे,” तो हळू म्हणाला. “पण बोलावल्याशिवाय नाही पाठवणार. रीत आहे. आपणहून गेलो तर तो म्हणेल, आले बघा, हक्क सोडून आले.”

“दोघांनी एकेक पाऊल मागे घेतलं तर...”

“हे तुम्ही तिकडे लिहिता ना, तसं नका बोलू हो.”

मी परत आलो. परत गेलो. मधल्या वाटेवर केळीच्या पानाआड उभा राहून एक मसुदा मनात तयार केला, ज्यात कोणीच कोणाला बोलावत नाही आणि दोन्हीकडची मंडळी योगायोगाने विहिरीवर भेटतात. तो मेहुण्याला सांगेपर्यंत त्याने अंगणातल्या बोअरवेलची मोटर सुरू केली होती. नळाला प्लॅस्टिकचा पाइप लावला होता. बँडवाल्यांना कोणीतरी खूण केली, त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि मेहुण्याच्या बायकोने खाली मान घालून पहिला हंडा पाइपाखाली धरला. मोटरचा आवाज बँडच्या वर येत होता. बायका गाणं म्हणायला लागल्या, मग कुठल्या ओळीवर काय झालं कोण जाणे, एकेक करून गप्प झाल्या.

“मावशी कुठाय?” पाटावर बसलेल्या नवरीने विचारलं.

“येतील,” कोणीतरी म्हणालं.

मी पलीकडे पाहिलं. मावशी खिडकीत आली होती. तिने बँड ऐकला असणारच, त्याची दिशाही तिला कळली असणार. थोडा वेळ ती उभी राहिली. मग खिडकीचं दार लावून घेतलं, आपटून नव्हे, रोज लावते तसं. लग्नाला ती आली नाही. तिचा मुलगा येऊन आहेराचं पाकीट देऊन, फोटोला न थांबता गेला. मेहुण्याने त्याला ‘जेवून जा’ म्हटलं आणि त्याने ‘हो हो’ म्हटलं. अनोळखी माणसं इतकी सभ्य वागतात.

लग्न आटोपल्यावर मी तो लेख पुन्हा उघडला. कुलपाचं चिन्ह जागेवर होतं, ते मीच लावलेलं. मला ते शेवटचं वाक्य परत घालायचं होतं, नियम गेले खड्ड्यात. ‘पहिला हंडा शेजारच्या घरातील ज्येष्ठ स्त्री काढते’ एवढं टंकलं आणि थांबलो. आता ते खरं नव्हतं. ‘काढत असे’ केलं. पण त्यालाही संदर्भ लागणारच होता, आणि शिवाय ते लिहिलं की झालंच, संपली रीत, माझ्याच सहीने. खोडलं. त्या लेखात आज प्रत्येक विधानाला तळटीप आहे. पुढे कोणी वाचलं तर त्याला एवढंच कळेल की इथे एक विहीर होती आणि तिच्यावरून दोन पक्षांचं भांडण होतं.

बायको आत पिशवी रिकामी करत होती. सासुरवाडीहून परतल्यापासून ती माझ्याशी विशेष बोलली नव्हती. भावाशीही नाही. मी दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा तिने पिशवीच्या तळातून, साडीत गुंडाळलेला एक सोललेला नारळ काढून ओट्यावर ठेवला. शेंडी व्यवस्थित राखलेली, हळदीकुंकवाची बोटं लावलेली.

“हा कुठला?” मी विचारलं.

“आपल्या घरूनच नेला होता,” ती म्हणाली. “म्हटलं, दादा नाही गेला तर मी जाईन. त्या घरची मुलगीच ना मी. आणि मग तिथे बघत बसले, दादा उठतोय का, वहिनी उठतेय का. तुम्ही चारदा इकडून तिकडे गेलात, म्हटलं यांना तरी सुचेल, मागतील माझ्याकडे.”

तिने नारळ हातात घेऊन कानाशी हलवून पाहिला.

“पाणी आटत आलंय. उद्या वड्या करते याच्या.”