पावणेचार फुटांची आई

मी घरं काढतो. बांधत नाही, काढतो, कॉम्प्युटरवर. बिल्डरने जमीन अजून धड सपाटसुद्धा केलेली नसते, तेव्हा मी त्याच्या दिवाणखान्यात ऊन सोडतो, सोफ्यावर उशा टाकतो आणि टीपॉयवर हिरवी सफरचंदं मांडतो. बदलापूरहून वांगणीकडे जाताना रस्त्याच्या कडेला जी होर्डिंगं दिसतात, त्यांच्यावरची पोहायची तळी बरीचशी माझी आहेत. पाणीही मीच ओतलेलं आहे. प्रत्यक्षात तिथे पुढे काय झालं हे बघायला मी सहसा जात नाही.

सुरुवातीला मी असा नव्हतो. अंबरनाथला एका आर्किटेक्ट साहेबांकडे लागलो तेव्हा ऑफिसात तिरकं टेबल होतं आणि त्यावर ट्रेसिंग पेपर. रेघ चुकली की ती ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. कागद फाटला तर पूर्ण दिवस फुकट. नकाशाच्या प्रती अमोनियावर निघायच्या आणि त्या वासाने डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. आपल्या घराचा नकाशा बघून ड्राफ्ट्समनच रडतोय असं वाटून एक गिऱ्हाईक घाबरून परत गेलं होतं. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. साहेबांनी त्याच्यावर कव्हर घातलं आणि कव्हरावर फायली रचल्या. मी ते कव्हर काढलं, आणि तिथून पुढे माझी रेघ कधी चुकली नाही, कारण चुकलेली रेघ दिसेनाशी करायला आता ब्लेड लागत नव्हतं.

चित्रातल्या घरांत माणसं टाकावी लागतात, नाहीतर घर रिकामं वाटतं. ही माणसं तयार मिळतात. सगळी परदेशी: लांब कोटातला गोरा, सोनेरी केसांची बाई, तिच्या हातात पट्टा आणि पट्ट्याला कुत्रा. मी ती वर्षानुवर्षं बदलापुरात फिरवली. शेवटी एका बिल्डरचं डोकं सटकलं.

"ह्या गोऱ्या बाईला बदलापूर कुठं आलं माहित्ये काय?" तो म्हणाला. "आपली पब्लिक टाक ना. बघणाऱ्याला वाटलं पायजे, आपली आईच उभी आहे बाल्कनीत."

मी सरळमार्गी माणूस. घरी गेलो आणि आईला म्हटलं, उभी राहा.

घर म्हणजे उल्हासनगरची आमची बराकीतली खोली. एकच खोली, वर माळा. माळ्यावर मी, खाली आई आणि बाबा. बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले. दार उघडलं की थेट गल्ली आणि समोरच्या सिंधी काकूंचं दार. मी भिंतीवर पांढरी चादर लावली आणि आईला सांगितलं की रोजच्याच साडीत राहा. तिने ट्रंक उघडून लग्नात नेसायची जांभळी साडी काढली. मी तिच्या हातात तांब्या दिला आणि म्हटलं, समज की इथे तुळस आहे, तिला पाणी घालतेयस. तिने खरंच पाणी घातलं. खोलीभर झालं. बाबांनी पाय वर घेतले आणि पेपर वाचत राहिले.

फोटो झकास आला. पण तो बाल्कनीत ठेवल्यावर माझी पंचाईत झाली. बाल्कनी होती अडीच फूट रुंद. आई पूर्ण मापाची ठेवली की चित्रात आईच दिसायची, बाल्कनी दिसायची नाही. अशा वेळी आमच्या धंद्यात जे करतात ते मी केलं. आई थोडी लहान केली. नव्वद टक्के करून बघितली, मग पंच्याऐंशी. पंच्याहत्तर टक्क्यांना बाल्कनी अशी काही ऐसपैस झाली की मी तिथे दोन वेताच्या खुर्च्या आणि मधे एक टेबलही बसवलं, तेही त्याच मापाने. पाच फुटांची आई पावणेचार फुटांची झाली. बिल्डर खूश झाला.

होर्डिंग लागलं. चौथ्या मजल्यावर आई, हातात तांब्या, पाठीमागे मी जवळ ओढून आणलेला डोंगर. आधी मामाचा फोन आला, मग आईच्या भजनी मंडळाचा. आई बाबांना घेऊन रिक्षाने बघायला गेली आणि होर्डिंगखाली रिक्षा पंधरा मिनिटं उभी करून ठेवली. समोरच्या काकू म्हणाल्या, "भाभी, आप तो मॉडेल हो गए. अब हमसे बात करोगे कि नहीं?"

आई त्यांच्याशी बोलली, पण त्या दिवसापासून बोलायचा विषय एकच होता. तिने जाहीर करून टाकलं की आपण तो फ्लॅट घ्यायचा. बाबांनी विचारलं, तोच का.

"अहो, तिथे माझा फोटो लागलाय," आई म्हणाली. "उद्या तिथे दुसरीच कुणी राहायला आली तर लोक काय म्हणतील?"

पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मला ठाऊक होतं. आईने कधी आमच्याकडे काही मागितलं नाही. तिला फक्त घरातल्या घरात उघड्यावर बसता येईल अशी जागा हवी होती. दोन खुर्च्या, चहा, आणि समोर कुणाचं दार नको. ती जागा मी तिला काढून दाखवली होती. म्हणजे तशी जागा तिथे नव्हती आणि हे जगात फक्त मला आणि बिल्डरला माहीत होतं.

बुकिंग सोमवारी करायचं ठरलं. बाबांचे फंडाचे पैसे त्यात जाणार होते. मी आठवडाभर खरं सांगायचा प्रयत्न केला.

आधी म्हटलं, "आई, चित्रात जरा मोठं दिसतं."

"हो ना," ती म्हणाली, "मी पण जाडच दिसतेय."

मग मी तिच्यासमोर नकाशाच ठेवला. त्यावर मापं स्पष्ट लिहिलेली असतात, पण हल्ली ती मिलिमीटरमध्ये असतात. तिने चष्मा लावून बाल्कनीवर बोट ठेवलं. "साडेसातशे," तिने वाचलं आणि बाबांकडे बघून मान डोलावली. "साडेसातशे म्हणजे चिक्कार झालं."

शेवटी शनिवारी अंबरनाथला माझ्या जुन्या साहेबांकडे गेलो. साहेब आता काम करत नाहीत, पण रागावायचं त्यांनी सोडलेलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "फक्की मारलीस का?"

फक्की म्हणजे चुन्याची पूड. पाया खणायच्या आधी जमिनीवर घराच्या रेघा मारतात ती. साहेबांच्या काळात गिऱ्हाइकाला नकाशा कळत नसे, म्हणून ते प्लॉटवर पूर्ण घर फक्कीने आखून अख्ख्या कुटुंबाला त्यात फिरवायचे. एकदा म्हणे एक सासूबाई त्या रेघांच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, भिंतीतून काय येतेस, दारातून ये. सूनही मुकाट्याने मागे जाऊन दारातून आली. कडाक्याचं भांडण होऊन ओटा पूर्वेला गेला. साहेबांच्या मते त्या घरात पुढे ओट्यावरून कधी भांडण झालं नाही.

"माणूस आत उभा राहिला की माप कळतं," साहेब म्हणाले. "तू माणूसच कापलास. आता निस्तर."

रविवारी सकाळी उठलो. उल्हासनगरात शोधलं तर काय वाटेल ते मिळतं, पण रविवारी सकाळी फक्की मिळाली नाही. मी आईचा रांगोळीचा डबा घेतला, बाबांना टेपचं एक टोक धरायला लावलं आणि दारासमोरच्या गल्लीत बाल्कनी आखली. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद. गल्लीला वाटलं आमच्याकडे काहीतरी शुभ आहे. लोक जमले. समोरच्या काकू चहाचा कप घेऊनच आल्या.

"आज काय आहे?" आईने दारात येऊन विचारलं.

"तुझी बाल्कनी," मी म्हटलं. "ही भिंत. हा कठडा. बस."

मी भिंतीच्या रेघेला टेकवून प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. आई बसली. हसली, मागे टेकली, आणि मग माणूस बसल्यावर करतो तसे तिने पाय सैल सोडले.

काकू वाकून बघत होत्या. "भाभी," त्या म्हणाल्या, "आपके पैर तो चौथे माले से बाहर लटक रहे हैं."

गल्ली हसली. आईने पाय मागे घेतले, खुर्ची थोडी तिरकी करून बघितली. मग शेजारी टेबल ठेवून बघू म्हणाली. बाबांनी स्टूल आणलं. स्टूल ठेवलं तर दार उघडेना. म्हणजे दार नव्हतंच, पण आईने ते कुठे उघडेल ते हाताने दाखवलं आणि तिचं बरोबर होतं.

"मग चित्रात मी एवढी आरामात कशी उभी आहे?" तिने विचारलं.

आता सुटका नव्हती. "चित्रात तू पावणेचार फुटांची आहेस," मी म्हणालो. "मी तुला लहान केलं. बाल्कनी मोठी दिसावी म्हणून."

काकूंनी चहा संपवला आणि त्या घरी गेल्या. आई उठली, आत गेली, झाडू घेऊन आली आणि चौथा मजला झाडून टाकला.

बुकिंग रद्द. ते बरंच झालं. पण दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्या दोन दिवसांत मी माळ्यावरून खाली बघत होतो. कपाटाला पाच फळ्या, त्यातली एक आईची, तीही खालची. रात्रीचं अंथरूण बाबांचं सरळ पडतं आणि आईचं कपाट आणि ओटा यांच्यामधे दुमडून. आम्ही दोघं ताटं घेऊन बसलो की खाली जागा उरत नाही, म्हणून ती ओट्याशी उभ्याने जेवते. हे मी रोज बघत आलो होतो. मापं घेणं हा माझा धंदा, आणि मी हे एकदाही मोजलं नव्हतं. मला स्वतःचा फार राग आला.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "घर बघायला जाऊ." आणि निघताना तिने खुर्ची उचलली.

पुढचे चार रविवार आम्ही बदलापुरात खुर्ची घेऊन फिरलो. रिक्षात बाबा, मी, आई आणि आईच्या मांडीवर खुर्ची. एजंट विचारायचे, काकू ही कशाला, आत फर्निचर आहे ना. ती खुर्ची घेऊन पुढे जायची. सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या मी माझे धंदेबंधू ओळखले. मी जे माउसने करतो तेच त्यांनी प्लायवूडमध्ये केलं होतं. आतल्या खोल्यांना दारंच बसवलेली नव्हती, म्हणजे ती उघडायला जागा लागत नाही. एका बेडवर बाबा आडवे झाले आणि त्यांच्या पोटऱ्या बाहेर राहिल्या. एका कपाटात त्यांनी आपला शर्ट अडकवून बघितला, तर कपाटाचं दार लागेना. एजंट म्हणाला, काका, ते शोसाठी आहे. बाबांनी शर्ट पुन्हा अंगात घातला.

आई मात्र कपाटाकडे बघायची नाही. सरळ बाल्कनीत जायची, खुर्ची ठेवायची, बसायची, पाय सोडायची. मग उठून म्हणायची, "चला."

पाचव्या रविवारी एका जुन्या बिल्डिंगमध्ये गेलो. चार मजली, लिफ्ट नाही, जिन्यात पोपडे. हिचा नकाशा नक्की कुणीतरी तिरक्या टेबलावर ब्लेड घेऊन काढला असणार. दुसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट. दिवाणखान्याला होर्डिंगवर कुणी दाखवला नसता असा रंग. पण बाहेर पावणेपाच फुटांची गॅलरी होती. आईने खुर्ची ठेवली आणि बसली. समोर दोन पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्यामधून डोंगराचा तुकडा, जिथे आहे तिथेच, लांब. बाबा स्वयंपाकघरात नळ सोडून पाण्याला जोर आहे का ते बघत होते. मी टेप लावला. तिच्यापुढे आणखी एक खुर्ची आणि चालायला वाट राहत होती.

ती उठली नाही. मी टेप गुंडाळेपर्यंत तशीच बसून राहिली. मग समोरच बघत, अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "घर मोठं दिसावं म्हणून घरातल्या बाईला लहान करायचं, हे तुला कॉम्प्युटरने शिकवलं?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तो पंच्याहत्तरचा आकडा मी माझ्या बोटांनी टाइप केला होता, आणि टाइप करताना मला काहीच वाटलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "आपल्याच घरात बघून."

आत नळ बंद झाला.