‘अपघात झाला’ असं लिही

“खोकतोस कशाला? ऊठ, बाहेर जा. इथे बायकापोरं आहेत.”

रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेला, भरल्या देवळात, वाडीवाल्या शेटनं माझ्या भावाला हे सुनावलं. पास्कू गायकांच्या बाकावर व्हायोलिन घेऊन बसला होता. पुढची बाकं शेटच्या घराण्याची. आम्ही त्याच्या केळीच्या वाडीत राबणारी माणसं. पास्कू उठला. मागोमाग मीही. कोणी मान वर केली नाही.

त्याला क्षय होता. डॉक्टर वजन करायचा, छाती तपासायचा. मनाचं काही विचारलं नाही. मी शाळेत शिकवत होते, रोग कसा पसरतो ते वाचलं होतं. पास्कूची थाळी मी वेगळी केली. ते बरोबरच होतं. पण हळूहळू त्याच्याशी बोलणंही टाकलं. ते कुठल्या पुस्तकात होतं?

“बाय, मी तुमच्यावर ओझं झालो गो.”

“काहीतरीच बोलू नको.”

एवढंच माझं उत्तर. दर वेळी.

मग एकाएकी तो शांत झाला. व्हायोलिन मावशीच्या मुलीला देऊन टाकलं. जेवताना हसला. आई म्हणाली, “औषध लागू पडलं.” तिनं क्रुसापुढे मेणबत्ती लावली. मलाही बरं वाटलं. तीन दिवसांनी त्यानं स्वतःचा जीव घेतला.

अशा माणसाला तेव्हा दफनभूमीत जागा नसे. भिंतीबाहेर पुरत. शेट ओट्यावर येऊन बसला.

“मास्तरीण ना तू? फादरना द्यायच्या कागदावर अपघात झाला असं लिही. बाकी मी त्यांना सांगतो, आत जागा मिळेल. देवळातला विषय मात्र काढू नकोस.”

आईनं माझा हात धरला. “लिही गो बाय. त्याला आत जाऊ दे.”

मी लिहिलं. तो आजारी होता. खचला होता. शेटनं त्याला देवळातून उठवलं. मी, त्याची सख्खी बहीण, त्याच्याशी बोलायची थांबले. जे घडलं ते.

शेटनं कागद वाचला. फाडला. “शिकलीस ना, भोग आता.”

पास्कू भिंतीबाहेर गेला. आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मला अजून म्हणवत नाही. पण अपघात म्हटलं असतं, तर त्याला दुःख झालंच नव्हतं असं ठरलं असतं.

आता कोणी आजारी माणूस खचलेला दिसला, की मी त्याच्याजवळ बसते. सरळ विचारते, “मरावंसं वाटतं का?” गावात म्हणतात, मास्तरीण अभद्र बोलते.

बोलते. बोलत राहणार. आणि उत्तर ऐकल्याशिवाय उठणार नाही.