कललेली होडी

सकाळी माझ्या मुलाची शिडाची होडी खाडीच्या तोंडाशी एका अंगावर कलली. कड पाण्याला टेकली तशी धक्क्यावर माझ्याशेजारी उभी असलेली सूनबाई किंचाळली. ती घाटावरची, लग्नानंतर पहिल्यांदाच हे बघत होती.

“आई, उलटली!”

“कलली आहे. ओरडून सरळ होणार नाही. त्याच्या हाताकडे बघ.”

शिडाची दोरी त्याच्या हातात होती. मी तिला सांगितलं, आळशी माणूस ती फळीला बांधून विडी ओढत बसतो. मग जोराचा वारा आला की वाऱ्याला शिडातून निसटायला वाट राहत नाही आणि होडी पालथी होते. मुलाने दोरी सैल सोडली. शीड फडफडलं, होडी उठून उभी राहिली.

माझा संसारही असाच चालला. घरात भांडण पेटलं की मी जरा सैल सोडायची. कधी उशीर झाला, पाणी आत आलं, ते उपसलं. सदा सरळ उभी असते ती किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी. तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.

होडी धक्क्याला येताच सूनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “दोरी कधी बांधायची नाही हं, सांगून ठेवते!”

“आये, एका सकाळीत हिला होडीवर हुकूम चालवणारा तांडेल केलंस?” मुलगा हसला.

आता त्याच्या हाताकडे बघणाऱ्या आम्ही दोघी झालो होतो. बरं वाटलं.