डब्याच्या आतली हळद

काचीगुड्याच्या उमाजींना प्रयोगशाळेत चौतीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते. त्यांनी बंद केलेलं झाकण गळत नाही, एवढीच ख्याती त्यांनी कमावली होती. पण जपायचे अशी, की जणू निजामाने दिलेली जहागीर. हातमोज्यांशिवाय कुणी झाकणाजवळ फिरकलं की ओरडायचे, "हात काढा! बोटाचं तेल गॅसला चालत नाही!"

त्यांचं शेवटचं काम म्हणजे तरुण शास्त्रज्ञ निशिगंधा मॅडमचा डबा. कागदावर त्याचं नाव हातभर लांब होतं, काम मात्र साधं. आत नायट्रोजन भरायचा आणि मधून क्ष-किरणांची शलाका सोडायची. ती जाते तिथे गॅस अगदी मंद, निळसर-जांभळा उजळतो. माणसाला दिसत नाही, पण डब्याच्या चार बाजूंना बसवलेल्या, उजेड मोजणाऱ्या चार डोळ्यांना दिसतो. चौघांना सारखा दिसला, तर शलाका बरोबर मधोमध. तिला न अडवता तिची जागा सांगायची, ही डब्याची करामत.

आणि डावा डोळा खोटं बोलत होता. शलाका मधोमध असली, तरी त्याला उजेड जास्तच दिसायचा. मंगळवारी डबा दुसऱ्या शहरातल्या मोठ्या केंद्रात जायचा होता. ही संधी हुकली, तर पुढची वर्षभराने.

बाहेरचा उजेड शिरत असेल म्हणून उमाजींनी सुलतान बाजारातून अडीच मीटर काळी मखमल आणली. दुकानदाराने विचारलं, "शेरवानी सिलाते क्या, चाचा?"

"हौ, डब्बे के वास्ते," उमाजी म्हणाले.

डबा नवरदेवासारखा नटला, पण वागणं तेच. गॅस बदलला. डोळ्यांची अदलाबदल केली, तर डावीकडे आलेला नवा डोळाही बिघडला.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी त्या डोळ्यापुढे रंगीत काचा धरून पाहिल्या आणि त्या खाली ठेवल्या. "काका, हा जास्तीचा उजेड पिवळट-हिरवा आहे. गॅस असा उजळतच नाही. आतून लावलेला काळा रंग चमकत असणार. मीच निवडला होता तो. डबा येत नाही म्हणून कळवते आता, माझी चूक म्हणून."

पिवळट म्हटल्याबरोबर उमाजींनी उजवा हात खिशात घातला.

खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू लावायचं नाही, असं यंदा ऑफिसचं पत्रक निघालं होतं. जवळजवळ तीन तपं पंपाला, पान्यांना हळद लावणाऱ्या माणसाने शेवटचीच खंडेनवमी कोरडी कशी घालवायची? बायकोनं, पद्मावतीबाईंनी, हळदीची पुडी देताना टोमणाही मारला होता, "लावा त्या डब्याला. घरच्या मिक्सरनं काय घोडं मारलंय?" झाकण बंद करण्याआधी उमाजींनी एक हातमोजा काढला आणि झाकणाच्या आत, डाव्या कडेला, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, एक बोट टेकवलं होतं.

दुपारी त्यांनी जेवणाचा डबा उघडला. वरणाने बोटं पिवळी झाली, तशी भूकच गेली. गप्प राहिलं तर? रंग खरवडला जाईल, त्याबरोबर हळदही. एकवीस दिवसांनी हार, नारळ आणि चांगले चार शब्द. आणि ती पोरगी तिकडे स्वतःविरुद्ध पत्र लिहीत बसलेली.

हात धुऊन ते तिच्या टेबलापाशी गेले. "मॅडम, रंगाला दोष देऊ नका. झाकण उघडू या."

"तुम्हीच म्हणता ना काका, बंद केलं की उघडायचं नाही?"

"बंद करणाऱ्यानंच घाण केली असेल, तर उघडावं लागतं."

झाकण उघडून मॅडमनी आत जांभळ्या उजेडाची बॅटरी मारली. काळ्याभोर रंगावर एक हिरवट बोट चमकलं, रेघान् रेघ मोजता येईल असं.

"खंडेनवमीची हळद," उमाजी पुटपुटले.

"काका, ही तर आधारची मशीन झाली!" मॅडम हसत सुटल्या. उमाजी हसले नाहीत, तेव्हा थांबल्या.

स्पिरिटने तीनदा पुसून झाकण पुन्हा बसवलं. शनिवारी चारी डोळे सारखं बोलू लागले. मॅडमनी नोंदवही ओढली. "'आत डाग होता, काढला' असं लिहिते. कुणी विचारणार नाही."

"डाग नाही ती," उमाजींनी पेन मागून घेतलं. त्यांचं इंग्रजी ऐन वेळी दगा द्यायचं, म्हणून त्यांनी सरळ मराठीत लिहिलं.

मॅडमचं शिक्षण नारायणगुड्यात, इंग्रजीतून. एकेक अक्षर जोडत त्या वाचू लागल्या, "झा-क-णा-च्या... आत... हळद... होती. ती... मी... ला-व-ली." खाली सही होती. मॅडमनी ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि तिच्याखाली इंग्रजीत चारी डोळ्यांचे आकडे लिहायला घेतले.