थरारकादंबऱ्यांचं कपाट आणि बडोद्यातली सभ्य माणसं

वाचनालयाच्या काउंटरवर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. पुस्तकं येतात आणि जातात, पण ती देता-घेता माणसं जे बोलून जातात ते आपल्यापाशीच राहतं. माझ्याजवळचं बरंचसं एकाच कपाटाभोवतीचं आहे, आणि त्यातलं निम्मं आठवलं की मला अजून संताप येतो.

मी तेव्हा सकाळी शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी रावपुऱ्यातल्या आमच्या मराठी वाचनालयात बसायची. खाली भांड्यांची दुकानं, वर आम्ही. नव्वदीचा काळ. घरोघरी केबल आली होती, कारेलीबागेत बंगले पाडून फ्लॅट उभे राहत होते, आणि आमचे सभासद गळत होते. जोरात चालायचं ते एकच, खिडकीजवळचं कपाट. त्यात मानसशास्त्रीय थरारकादंबऱ्या होत्या. भुतांच्या नाहीत, हेरांच्याही नाहीत. चांगल्या घरातली माणसं, त्यांनी वर्षानुवर्षं दडवलेलं काहीतरी, नवरा-बायको, सासू-सून, सख्ख्या बहिणी, आणि एकमेकांच्या मनाशी चाललेले खेळ. लोक यायचे आणि म्हणायचे, ताई, एकदा हातात घेतलं की खाली ठेववणार नाही असं काहीतरी द्या. कोणाला काय द्यायचं ते मी आणि माझी सहकारी कुमुदताई ठरवायचो.

या कपाटावर वाचनालय तगून होतं. आणि गावातल्या सभ्य माणसांना नेमकं हेच कपाट डोळ्यांसमोर नको होतं.

* * *

एकदा एक बाई पुस्तक घेऊन तणतणत आल्या. कादंबरीच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं, अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘धाकट्या दिराने केले.’ मग दुसरं पुस्तक आलं, त्यावर ‘डॉक्टर’. तिसऱ्यावर ‘कोणीही नाही, तिने स्वतःच’. सभासद भांडायला आमच्याशी येत होते, जसं काही आम्हीच संध्याकाळी पेन्सिली घेऊन बसतो.

अक्षर कुमुदताईनं ओळखलं. गुप्तेकाकांचं. काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, रोज पाचला वाचनालयात हजर. मी विचारलं तर त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. एवढं जाडजूड पुस्तक वाचून जे कळायचं ते मी एका ओळीत सांगतो, लोकांचा वेळ वाचतो, असं त्यांचं म्हणणं. वर कमिटीनं आपले आभार मानायला हवेत ही अपेक्षा. माझं डोकं इतकं तापलं की मी पाणी प्यायला उठले.

पुढच्या आठवड्यात एक नवी कादंबरी आली, ती कुमुदताईनं सगळ्यात आधी गुप्तेकाकांनाच दिली. चार दिवसांनी काका लालबुंद होऊन आले. पहिल्या पानावर कोणीतरी पेन्सिलीनं ‘नर्सने केले’ असं लिहिलेलं. नर्सचा काही संबंध नव्हता. काका शेवटच्या पानापर्यंत नर्सवर डोळा ठेवून बसलेले, आणि बाकी सगळं हातातून निसटलेलं.

“वाचकांची अशी फसवणूक करणाऱ्याचं सभासदत्व रद्द करा,” काका म्हणाले.

कुमुदताईनं ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. “आधी तुमची पुस्तकं होऊ द्या काका. मग याचं बघू.”

* * *

आमचे कार्यवाह होते प्रधानसाहेब. त्यांचे पणजोबा संस्थानच्या काळी दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि साहेबांचा आवाज अजून तिथूनच यायचा. एका मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं की या पुस्तकांनी घरं बिघडतात, सुना संशयी होतात. मी विचारलं, आणि सासवा? साहेब म्हणाले, सासवा धार्मिक वाचतात. बाकीच्या मंडळींनी माना डोलावल्या आणि चहा मागवला. दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागलं. किल्ली साहेबांच्या जुडग्यात.

पुढचे काही आठवडे मी काउंटरवर बसून लोकांना नाही म्हणत होते. बायका दोन मजले चढून यायच्या, कुलपाकडे बघायच्या आणि उतरायच्या. आमच्याकडे एक भावनाबेन येत. माहेर-सासर दोन्ही गुजराती, पण शेजारणींकडून ऐकून-ऐकून मराठी शिकलेल्या आणि मग वाचायलाही लागलेल्या. “वैद्यबेन, आ शुं? पुस्तकाला पण जेल?” असं मला विचारून त्या गेल्या.

एका संध्याकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला. प्रधानसाहेबांच्या मातोश्री, माईसाहेब. कठडा धरून, दम खात त्या वर आल्या, तशी वाचत बसलेली सगळी माणसं उठून उभी राहिली. साहेब धावत पुढे गेले. माईसाहेबांनी हात पुढे केला.

“श्रीधर, किल्ली.”

साहेबांना काही कळेना. मग हळूहळू उलगडलं. त्यांची सून, म्हणजे साहेबांची पत्नी, स्वतःच्या कार्डावर या कादंबऱ्या न्यायची आणि दुपारी सासूला वाचून दाखवायची. माईसाहेबांना आता बारीक अक्षर दिसत नसे. पहिला भाग संपला होता आणि दुसरा भाग कुलपात होता. घरात हे बरीच वर्षं चाललं होतं आणि साहेबांना पत्ता नव्हता.

साहेब हळू आवाजात म्हणाले, आई, तू खाली गाडीत बस, मी तुला चांगली पोथी आणून देतो.

“पोथीचा शेवट मला माहीत आहे,” माईसाहेब म्हणाल्या. हात तसाच पुढे.

* * *

अंजली म्हणून कारेलीबागेतली एक मुलगी आमची सभासद होती. एम. एस्सी. झालेली, ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवायची, आणि त्या कपाटातलं बहुतेक सगळं वाचून झालेली. तिचं लग्न जमत आलं होतं. मुलगा पुण्याचा, कंपनीत नोकरीला.

एके दिवशी काउंटरवर एक अनोळखी बाई आल्या. काठापदराची साडी, हातात पर्स, गोड बोलणं. आपण बडोद्यात पाहुण्या म्हणून आलोय, असं सांगून त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग मुद्द्यावर आल्या. अंजली कुठली पुस्तकं नेते? त्या मुलाच्या आई होत्या. मुलीच्या घरी चहा-पोहे खाऊन, जरा देवळात जाऊन येते म्हणून सांगून निघालेल्या, त्या थेट इथे.

मी त्यांना सांगितलं की सभासद काय वाचतो ते आम्ही बाहेर सांगत नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, लपवण्यासारखं नसेल तर सांगायला काय हरकत आहे? तिच्या खोलीत उशीखाली एक पुस्तक दिसलं, त्याच्या कव्हरवर सुरी होती. आम्हाला शांत डोक्याची मुलगी हवी. यांनी खोलीसुद्धा तपासली होती तर. मी त्यांना जिना दाखवला. जरा जास्तच मोठ्यांदा दाखवला असेल.

अंजलीला हे सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार करत राहिले. शेवटी सांगितलं. ती पुस्तक बदलायला आली होती. ऐकून तिनं घरी स्वच्छ सांगितलं की हे लग्न करायचं नाही. घरचे आठ दिवस बोलत नव्हते. वडील माझ्याकडे येऊन म्हणाले, तुमच्या पुस्तकांनी चांगलं स्थळ घालवलं.

अंजली त्यांच्या मागेच उभी होती. ती म्हणाली, “बाबा, पहिल्या भेटीत उशी उचलून बघणारी सासू पुढे काय करते, ते मी वाचलंय.”

* * *

मग वाचनालयात एक व्याख्यान झालं. मानसशास्त्राचे एक प्राध्यापक बोलवले होते. त्यांनी तासभर आम्हाला समजावलं की अशा कादंबऱ्या वाचून वाचकाचं, विशेषतः स्त्री-वाचकाचं, वास्तवाचं भान सुटतं. कल्पना कुठे संपते आणि खरं कुठे सुरू होतं ते तिला कळेनासं होतं. समोर बसलेल्या स्त्री-वाचक मुकाट्यानं ऐकत होत्या. त्यांतल्या एकीनं घरी म्हातारे सासरे सांभाळून बी. एड. केलं होतं, दुसरी नवऱ्याची फॅक्टरी बंद पडल्यापासून घर चालवत होती. वास्तवाचं भान म्हणे.

व्याख्यान संपलं, नारळ झाला, मंडळी पांगली. प्राध्यापक काउंटरपाशी घुटमळत राहिले. कुणी जवळ नाही असं बघून त्यांनी मला विचारलं, वासणा भागातल्या एका बंगल्यात सख्खी बहीण बहिणीला कोंडून ठेवते अशी एक कादंबरी आहे ना तुमच्याकडे?

मी म्हटलं, आहे. देऊ का?

“नको, वाचलीय मी,” ते म्हणाले. “तो बंगला नेमका कोणता, तेवढं सांगा. आम्ही तिकडेच फ्लॅट बुक केलाय.”

* * *

आता सुमनताईंचं. आधीच सांगते की त्यांच्या वडिलांचा बंगला कारेलीबागेत अजून उभा आहे. दोन्ही बाजूंना फ्लॅट आणि मध्ये तो. सुमनताई आणि त्यांची थोरली बहीण तिथे राहतात. झोपाळ्यावर बसून दोघी पेपरवरून भांडतात.

तेव्हा मात्र सुमनताई दर शनिवारी नवऱ्याबरोबर यायच्या. दिघेसाहेब, निवृत्त इंजिनियर. अतिशय नम्र माणूस. स्वतः खाली स्कूटरपाशी थांबायचे, पण अधूनमधून आधी एकटे वर येऊन आम्हाला हळूच सांगून जायचे, हिला अलीकडे काही आठवत नाही हो. चष्मा ठेवते आणि शोधत बसते. गॅस चालू ठेवते. पुस्तकं परत आली नाहीत तर मला सांगा, तिला बोलू नका. असंच ते बँकेत सांगत, डॉक्टरांकडे सांगत, शेजारी सांगत. सगळ्यांना त्यांची दया यायची. सुमनताईंशी लोक हळू आणि मोठ्यांदा बोलायचे, जसं लहान मुलाशी बोलतात. त्या मान खाली घालून ऐकायच्या.

बंगला सुमनताईंच्या नावावर होता, बिल्डर मागे लागला होता आणि त्या सही करत नव्हत्या, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

एकदा कुमुदताईनं त्यांना एक कादंबरी दिली. त्यात एक नवरा बायकोच्या वस्तू हलवत राहतो आणि तुला वेड लागतंय असं तिला पटवत राहतो. पुढच्या शनिवारी सुमनताई वर आल्या. पुस्तक काउंटरवर ठेवलं, पण वरचा हात काढला नाही.

“वैद्यबाई, यातलं मला काहीही विचारा.”

मला वाटलं, उगाच मनाला लागायला नको. म्हणून मी नायिकेचं नाव विचारलं.

“हे नको. अवघड विचारा.”

मी मधलं एक पान उघडलं. किल्ली हरवते त्या दिवशी फोन कोणाचा येतो, ते विचारलं. त्यांनी सांगितलं. नायिकेच्या बहिणीच्या खोलीतल्या पडद्याचा रंग विचारला. तोही सांगितला, आणि तो पुढे बदलतो तेही. मी पानं उलटत गेले, त्या सांगत गेल्या, शेवटी तर काही वाक्यं जशीच्या तशी. त्यांचा आवाज कुठे अडखळला नाही.

“मग घरात चष्मा कुठे ठेवते, तेवढंच मला कसं आठवत नाही?” त्या म्हणाल्या.

मी खिडकीतून खाली पाहिलं. दिघेसाहेब स्कूटरच्या सीटवर रुमाल पसरून बसले होते आणि भांडीवाल्याशी हसून बोलत होते. त्या रुमालाची घडीसुद्धा नीट होती. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल.

सुमनताईंनी फोन मागितला. बहिणीचा नंबर कुठेही न बघता फिरवला. “अक्का, सुमन बोलतेय. रिक्षा घेऊन वाचनालयाच्या मागच्या गल्लीत ये. हो, आत्ता. राहायलाच येतेय.” बहीण दांडिया बाजारात राहायची, फार लांब नव्हतं. कुमुदताईनं बाइंडिंगच्या खोलीचं दार उघडलं आणि मागच्या जिन्यानं त्यांना खाली नेलं. रिक्षा आली, गेली, कुमुदताई परत येऊन रजिस्टर पुढे ओढून बसली.

थोड्या वेळानं दिघेसाहेब वर आले. नेहमीसारखे नम्र, कपाळ पुसत.

“सुमन अजून खाली आली नाही. कुठे आहे ती?”

त्यांनी कुमुदताईकडे पाहिलं. कुमुदताईनं मान वर केली आणि त्यांच्याकडे फार काळजीनं बघितलं.

“दिघेसाहेब,” ती हळू आणि मोठ्यांदा म्हणाली, “आज तुम्ही एकटेच आला होतात ना?”