तिच्या वर्षाची कणीक

"काका, पोळ्यांचं राहू द्या. तुम्ही बाहेर पाण्याच्या बाटल्या वाटा."

एवढंच बोलल्या मेघनाताई. आवाज गोड. माझ्या हाताला कणीक लागलेली, कोपरापर्यंत पीठ. माझ्या पुढ्यातली परात त्यांनी दोन बोटांनी धरली आणि बाजूला सरकवली.

बाटल्या सीलबंद होत्या. माझा हात पाण्याला लागायचा प्रश्नच नव्हता. हे माझ्या ध्यानात उशिरा आलं.

ही गोष्ट अमेरिकेतली. मी पोराकडं गेलो होतो, सहा महिन्यांसाठी. बायको वारली त्याला आठ महिने झाले होते. घरात मी एकटा. सवयीनं चहा दोघांचा टाकायचो आणि एक कप मोरीत ओतायचो. पोरगा फोनवर म्हणाला, "आबा, इकडं या. चिनूला आजोबा पाहिजेत." चिनू माझी नात, नऊ वर्षांची. गेलो.

पोराचं नाव संदीप. आम्ही नवराबायकोनं दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत राबून त्याला शिकवला. छाटणी, विरळणी, खुडणी, जे मिळंल ते. त्याचं तिथलं घर बघून मला वाटलं, ती असती तर दिवसभर नुसती खिडक्या पुसत बसली असती.

तिथं मराठी लोकांची दहा-बारा घरं एकत्र होती. महिन्यातल्या एका शनिवारी ती एका चर्चच्या हॉलात जमायची. रस्त्यावर राहणाऱ्या लोकांसाठी पोळ्या, भाजी, भात करायची. वाटून झालं की त्याच स्वयंपाकाचे डबे भरून सगळी तळ्यावर सहलीला जायची. आधी सेवा, मग सहल. मला हे लय आवडलं. सणवार सोडून दुसऱ्याला जेवू घालणारे लोक मी कमी बघितलेत.

चौथ्या महिन्यातला तो शनिवार आणि तिच्या वर्षाचा दिवस एकच आला. आमच्यात वर्षाला चार माणसं जेवू घालायची, आणि निदान एक जिन्नस घरच्याच्या हातचा पाहिजे. मी संदीपला म्हणालो, "तुझ्या आईच्या नावानं कणीक मी मळतो."

त्याचे डोळे भरले. म्हणाला, "मळा, आबा."

कणीक मळायला मला तिनंच शिकवलं. शेवटची दोन वर्षं तिचं उजवं अंग गेलं होतं. ती खाटेवरून सांगायची, मी मळायचो. "पाणी भसकन ओतू नका. हाताला विचारून घाला." माझी पहिली पोळी तिनं उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "ही खायची का पायात घालायची?" तिचं तोंड वाकडं झालं होतं. तरी हसली. मळून झालं की कणकेवर ओलं फडकं टाकायचं, हे पण तिचंच. ते फडकं मी गावाहून नेलं होतं. तिच्या जुन्या पातळाचा तुकडा.

हॉलात मी मळत होतो. शेजारी मेघनाताई लाटत होत्या. त्या सगळ्यांच्या पुढारी. त्यांनी विचारलं, "काका, गाव कुठलं तुमचं?"

मी नाव सांगितलं.

"अय्या, खरंच? माझं माहेर तुमच्या शेजारच्या गावचं! निफाडकडचं माणूस भेटलं की कसं भरून येतं हो."

मलाही भरून आलं. एवढ्या लांब आपल्या नदीचं पाणी प्यालेलं माणूस भेटलं. मग त्यांनी विचारलं, "गावात घर कुठे? वरच्या अंगाला की खालच्या?"

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वराकडून येते. आमच्या गावात पाणी आधी वरच्या घाटाला लागतं. तिथं वरच्या जातीची घरं. त्यांचं धुणं, त्यांची जनावरं झाली की तेच पाणी खाली येतं. खाली आम्ही. घर कुठल्या अंगाला ते विचारलं की जात विचारावी लागत नाही.

मला हे सत्तर वर्षं ठाऊक होतं. तरी फसलो. वाटलं, बाई माहेरच्या आठवणीनं विचारते. वाटलं, एवढा समुद्र मध्ये पडलाय, ते सगळं तिकडंच राहिलं असंल. मी हसत सांगितलं, "खालच्या. पार शेवटचं घर. पूर आला की पहिलं पाणी आमच्या चुलीत."

त्यांचं लाटणं थांबलं. मग त्या बाटल्यांचं बोलल्या. वर हळूच म्हणाल्या, "रागावू नका हं काका. मला काही नाही त्याचं. पण तळ्यावर आपलेच लोक जेवतात ना, काही घरांत पाळतात अजून."

आणि मी काय म्हणालो? "हो ताई."

लिहायला लाज वाटते. पण तेच म्हणालो. जिभेला वळण पडलेलं असतं. लहानपणी बागाइतदाराच्या ओट्याखाली ओंजळ धरून उभा राहायचो, वरून पाणी पडायचं, तेव्हाही हेच तोंडातून निघायचं. हो मालक. हात धुतले आणि बाहेर गेलो.

बाहेर रांग होती. मी बाटल्या देत राहिलो. माझ्याच वयाचा एक गोरा म्हातारा आला, फाटक्या बुटांचा. माझ्या नखात पीठ राहिलं होतं. ते त्यानं बघितलं आणि हातानं खूण केली, पोळी तू केलीस का? मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, आता सांगता येत नाही.

बाटल्या संपल्या. रिकामी खोकी टाकायला मी मागच्या दाराला गेलो. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं. आत माझी कणीक होती. गोळा तसाच, माझी चार बोटं उमटलेली. त्याच्यावर तिच्या पातळाचं फडकं. भाजीच्या सालपटांत.

बागेत आम्ही दोघं द्राक्षं खुडायचो. ती पेटीत भरून परदेशात जायची. घडाला आमचे हात लागायचे, तेव्हा कुणी विचारलं नाही की हे हात वरच्या अंगाचे का खालच्या.

आतून हाका आल्या. "काका, चला फोटोला! मध्ये उभे राहा, तुम्ही आमचे सीनिअर!" सगळ्यांच्या अंगात पिवळे सदरे, छातीवर 'सेवा' लिहिलेलं. माझ्याही अंगात तोच. मी डब्यात हात घातला, गोळा उचलला, फडकं उचललं. आत गेलो आणि टेबलावर सगळ्यांच्या पुढं ठेवलं.

"हे पण घ्या फोटोत."

कुणीतरी हसलं. मेघनाताई म्हणाल्या, "अहो काका, कचऱ्यातलं कशाला..."

"कचऱ्यात मी नाही टाकलं. माझ्या बायकोच्या वर्षाची कणीक हाय ही. हे फडकं तिचं हाय."

एक जण मोबाइल धरून उभा होता, त्यानं तो खिशात घातला. मी संदीपकडं बघितलं. वाटलं, आता हा बोलंल. आईचं फडकं त्यानं ओळखलं होतं. त्यानं येऊन माझं कोपर धरलं आणि मला गाडीत नेऊन बसवलं.

आम्ही तळ्यावर गेलो नाही. गाडीत माझ्याकडनं सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "तुम्हाला अंग कुणी सांगायला सांगितलं होतं? नुसतं नाशिक म्हणायचं ना, आबा. मी तेवढंच सांगतो."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून. तुम्ही दोन महिन्यांनी जाल. आम्हाला इथंच राहायचंय. चिनूच्या सगळ्या मैत्रिणी याच घरांतल्या हायेत."

तो खोटं बोलत नव्हता. उरलेले दोन महिने मी खोलीत काढले. पुढच्या महिन्यातल्या शनिवारी ती तिघं गेली. दार ओढताना सून म्हणाली, "आबा, तुम्ही आराम करा." फडकं मी धुऊन खिडकीत वाळत घातलं होतं. त्याच्याकडं बघत बसलो. दुसरं काही हातात नव्हतं.

आता मी गावात हाय. तिचं दुसरं वर्ष जवळ आलंय. गेल्या रविवारी संदीपचा फोन आला. "आबा, तिकीट काढतो. चिनू रोज विचारते. फक्त एवढं ऐका, कुणी विचारलं तर नाशिक. बस."

पोरगी मागून ओरडत होती, "आजोबा, कधी येणार?" या वयात एक खेप चुकली तर दुसरी मिळंलच असं नाही. तरी म्हणालो, "तिकीट काढू नको. फोन चिनूला दे."

चिनू आली. मी म्हणालो, "पोरी, आपलं गाव नदीवर हाय. नदीला दोन अंगं हायेत. आपलं घर खालच्या..."

फोन कापला गेला. कापला कुणी, ते मला ठाऊक हाय.

पुढच्या रविवारी फोन येईल. नाही आला तर मी लावीन. उचलला नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी लावीन. अर्धं वाक्य राहिलंय, ते मी चिनूला पुरं सांगणार. ते ऐकून मला बोलावलं तर जाईन. नाहीतर बायकोचं वर्ष इथंच, शेवटच्या घरात, माझ्या हातच्या पोळ्यांचं.