कापलेलं कडवं

सगळे शाहीर गाताना कानावर हात ठेवतात. आमचे बुवा डोळ्यावर ठेवायचे. डाव्या. आणि तेही शेवटचं कडवं आलं की, फक्त तेव्हाच. विचारलं तर म्हणायचे, "शेवटच्या कडव्यात माझं नाव येतं रे. दोन्ही डोळ्यांनी लोकांकडं बघत स्वतःचं नाव घ्यायची लाज वाटते. एक झाकतो."

मी पोलादपूरचा साऊंडवाला. लग्न, सत्यनारायण, निवडणूक, काहीही असो, माझे बॉक्स लागले की कुडपणच्या पठारावरच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात. एका म्हशीने माझ्या भोंग्याला आपलं रेडकू समजून पान्हा सोडला होता. यातलं निम्मं खरं धरा. बुवांबद्दल सांगेन ते मात्र सगळं खरं धरा, कारण त्यात वाढवायला मला जागाच सापडली नाही. शिवाय आता बॉक्स उचलताना कंबर बोलते. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

गौरी-गणपतीत आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. दोन बाजूंचे दोन शाहीर, ढोलकी, पायात घुंगरू बांधून गोल नाचणारी माणसं, आणि एकमेकांची फजिती करणारी गाणी. रीत अशी की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफायचं. घराच्या दारावर पाटी असते, तसं.

एरवी बुवा लोकांची कौलं चाळायचे. पावसाळ्याआधी छपरावर चढायचं, फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची. "माकडं आणि मी भागीदार," म्हणायचे. "ती फोडतात, मी बसवतो." गाणी ते छपरावरच रचायचे, मोठ्याने. संध्याकाळी खाली उतरेपर्यंत घरातली बाई तेच गाणं भाकऱ्या थापताना म्हणत असायची. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. "ती नेते, पण शेजारणीला सांगते ना, कौलवाल्या बुवांचं हाय म्हणून. मग नेऊ दे."

त्यांचं एक गाणं भारी गाजलं.

"गावाची घरं झाकीत आलो गो,
माझ्या घरी पाऊस पाहुणा झाला गो."

हा पाहुणा खाटेवर बसतो, चुलीत पाय सोडतो, पिठाच्या डब्यात डोकावतो, आणि जायचं नाव काढत नाही. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे. मग ठेका पडायचा. ढोलकी मंद व्हायची, बुवांचा हात डोळ्यावर जायचा, आणि पाऊस विचारायचा, घर हे कुणाचं गो? त्याला उत्तर म्हणून बुवा आपलं नाव सांगायचे. हसणारी माणसं तिथं गप्प होत. मी किती कार्यक्रम वाजवले ते देवाला ठाऊक, पण माझे बॉक्स बंद पडल्याशिवाय इतकी शांतता मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

एकदा दासगावला हळदीसाठी मी बॉक्स लावत होतो आणि बुवा त्याच घराच्या छपरावर होते. खालच्या रस्त्यावर एक टेम्पो येऊन उभा राहिला. आत त्यांचंच गाणं दणाणत होतं, मागे ढोलकीऐवजी कसलातरी धडधडाट. बुवा कौल हातात धरून तसेच बसले. खाट झाली, चूल झाली, पिठाचा डबा झाला. ठेका पडायची वेळ आली आणि बुवांचा हात नकळत डोळ्याकडे गेला. तेवढ्यात गाणं तुटलं आणि दुसरंच कुठलं तरी सुरू झालं.

बुवा शिडीवरून उतरले. "रे," मला म्हणाले, "पावसानं विचारलंच नाय."

चौकशी करता धागा महाडच्या बाजारातल्या एका मोबाईलच्या दुकानात पोचला. बाहेर पाटी, 'पेनड्राइव्ह भरून मिळेल'. कुणीतरी कार्यक्रमात फोनवर गाणं टिपलं होतं, दुकान चालवणाऱ्या पोराने त्याला धडधडाट जोडून नॉनस्टॉप बनवलं होतं. आम्ही दोघे जाऊन उभे राहिलो, मी पाहुण्या पावसाचं नाव काढलं.

"काका, तुम्हीच का ते?" दुकानदार उठूनच उभा राहिला. "अहो, मग आनंद माना. मी फुकटात जाहिरात करतोय तुमची. कुवेतला वाजतं तुमचं गाणं."

"गाणं कुवेतला पोचलं," बुवा म्हणाले. "मग माझं नाव कुठं उतरलं रे? पनवेलला चहा प्यायला?"

गिऱ्हाइकं हसली. दुकानदारही हसला. "शेवटी ठेका पडतो, काका. जीपवाले तिथं पुढचं गाणं लावतात. म्हणून आधीच कापतो."

मी आवाज चढवला. याला पायरसी म्हणतात, चाचेगिरी म्हणतात, समुद्रातले चाचे परवडले, ते निदान जहाज बुडवताना तोंड दाखवायचे, वगैरे. दुकानदाराने शांतपणे विचारलं, "साऊंडवाले, तुम्ही लग्नातली गाणी कुठून भरून नेता?"

मी पंख्याकडे बघितलं. पंखा चांगला होता.

"आणि काका, खरं सांगा, चाल तरी तुमची आहे का? ही तर आमची आजी जात्यावर म्हणायची."

बुवांनी चाल तोंडातल्या तोंडात गुणगुणून पाहिली. मग म्हणाले, "नाय. चाल माझी नाय. आयेच्या तोंडची हाय. तिनं कुणाची घेतली, ती जाणे." आणि बाहेर पडले. मला वाटलं होतं भांडण होईल, चार लोक जमतील, सांगायला किस्सा होईल. बुवा नुसते म्हणाले, "असू दे. घाट चढायचाय." हे त्यांचं नेहमीचं. नळाला पाणी नसो, गुडघा दुखो, कुणी अपमान करो. असू दे, घाट चढायचाय.

त्या दिवसापासून ते गाण्याआधी सांगू लागले, "चाल बायकांची. त्यांची नावं ठाऊक नायत, माफी असावी. शब्द माझे."

पण चाचा हा शब्द त्यांच्या डोक्यात राहिला असावा. पुढच्या गणपतीत सामन्याच्या मध्यंतरात बुवा चाच्याचं सोंग घेऊन आले. डोळ्यावर काळी पट्टी, माझ्या जुन्या बॉक्सचं कापड फाडून केलेली. हातात माझाच केबल टांगायचा हूक. खांद्यावर पोपट हवा होता, तो मिळेना, म्हणून घरचा कोंबडा दोरीने बांधलेला.

"मी सावित्री नदीचा चाचा," गरजले. "सोनं नको, नाणं नको. जे असेल त्याचं शेपूट काढा."

मग काय लुटालूट चालली म्हणता. चाच्याने एसटीचा शेवटचा थांबा पळवला, तेव्हापासून कुडपणची माणसं घाटातच गोल फिरतायत. भटजीचं शेवटचं मंगलाष्टक पळवलं, तेव्हापासून नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी, हातातल्या हारांना कोंब फुटले. पुढाऱ्याच्या भाषणाचा शेवट पळवायला गेला, तो काही केल्या सापडेना. मधेच कोंबडा माईकमध्ये आरवू लागला, तर अर्ध्यावर त्याची चोच धरली. पलीकडच्या पार्टीचा शाहीर हसता हसता ढोलकीवर पडला, ती ढोलकी अजून बेसूर आहे. शेवटी बुवांनी पट्टी काढली, "आता चाच्याचं नाव ऐका," म्हणाले, आणि आपलं नाव सांगितलं.

आठ दिवसांनी मुंबईच्या एका भाच्याने मला व्हिडिओ धाडला. वर लिहिलेलं, 'कोकणचा चाचा, पोट धरून हसा'. मी बुवांना दाखवला. कोंबड्याला ते मनापासून हसले. मग फोन थांबला.

"पुढं?"

"पुढं नाय, बुवा. एवढाच फिरतोय."

फोन परत देताना म्हणाले, "कोंबडा पुरता आला. मी राहिलो."

तुम्हीही तो व्हिडिओ पाहिला असेल. पुढे ढकललाही असेल. मी कोण बोलणार, माझ्या पंख्याकडे बघण्याला साक्षीदार आहेत.

त्यानंतर एका वर्षी चाकरमान्यांना संध्याकाळच्या गाड्या पकडायच्या म्हणून कार्यक्रम दुपारी ठेवला होता. बुवांनी पाहुण्या पावसाचं गाणं घेतलं. माणसं सगळी सोबत गात होती, अगदी तोंडपाठ. खाट, चूल, पिठाचा डबा. ठेका पडला, बुवांचा हात वर निघाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उठले. खुर्च्या सरकल्या, पिशव्या उचलल्या गेल्या, "मस्त झालं बुवा" म्हणत दोघेचौघे निघालेसुद्धा. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. त्यांच्या फोनमध्ये, जीपमध्ये, टेम्पोत गाणं तिथंच संपत होतं. त्यांना वाटलं, संपलं.

बुवांचा हात डोळ्यापर्यंत पोचला नाही. त्याच हाताने त्यांनी कपाळ पुसलं आणि लोकांना नमस्कार केला. माईक चालू होता. माझ्या बॉक्समधून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"म्हणायचं होतं की, बुवा," मी वायर गुंडाळताना म्हटलं. "मी आवाज वाढवला असता. बसले असते सगळे."

"उठलेल्या माणसाला नाव काय सांगायचं रे," ते म्हणाले. घुंगरू सोडायला वाकले. "असू दे. घाट चढायचाय."

पुढच्या कौलांच्या हंगामाआधी बुवा गेले. तापाचं निमित्त झालं. त्यांच्या वाडीत आता बहुतेक घरांवर पत्रे आहेत, माकडांना भागीदार उरलेला नाही. गाणं मात्र जोरात आहे. परवाच एका जीपमध्ये ऐकलं. पाऊस खाटेवर बसला, चुलीत शिरला, पिठाच्या डब्यात डोकावला, आणि जीप वळणावरून निघून गेली.

पूर्ण गाणं कुणाच्याच फोनमध्ये नाही, माझ्याकडेही नाही. शेवटचं कडवं माझ्या डोक्यात तेवढं आहे, आणि माझा गळा तुम्हाला माहीत नाही ते बरं आहे. पण साऊंडवाल्याला एक सोय असते. कार्यक्रमाआधी माईक तपासायचा असतो. सगळे त्यासाठी हॅलो हॅलो करतात. मी हल्ली शेवटचं कडवं म्हणतो. मैदान रिकामं असतं, एखादं कुत्रं मांडवात झोपलेलं असतं. पाऊस विचारतो, घर हे कुणाचं गो, आणि मी आवाज पुरता वाढवून, एका डोळ्यावर हात ठेवून, उत्तर देतो. समोरच्या डोंगरावरून ते नाव परत येतं.

इथे ते लिहीत नाही. लिहिलं तर कुणी नुसतं नावच कापून नेईल. हवं असेल तर लवकर या. खुर्च्या मांडायच्या आधी.